जाऊबाईंचं नाक

आमच्या घरातल्या दोन बायका एकाच कंपनीत कामाला. त्यातली मी दुसरी. पहिली म्हणजे आमची थोरली जाऊ. कंपनीचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारणार, "म्हणजे त्या नाकवाल्या बाई तुमच्या कोण?" मी तिथे ऑर्डर टेबलावर बसून दिवसभर फोन कानाला लावून दुकानदारांची बोलणी खाते, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. लग्न होऊन आले तेव्हा याचा मला फार राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही अधूनमधून येतो.

कंपनी साबण, शाम्पू, कपडे धुवायची पावडर असलं घरोघरी लागणारं सगळं बनवते. जाऊबाई तिथल्या वासखोलीच्या प्रमुख. नवा साबण काढायचा असला, जुन्याचा वास बदलायचा असला, की तो आधी त्यांच्या खोलीतून जाणार. मीही त्या खोलीत वास घ्यायला जाते, कारण तिथे वास घेणारी सगळी मंडळी कंपनीतलीच असतात. कुणी गोदामातलं, कुणी हिशेबाच्या टेबलावरचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "इथे जाऊबाई म्हणायचं नाही. बाई म्हणायचं." घरी माझ्या ताटातलं उचलून खाणारी बाई, तिथे मला ओळखसुद्धा द्यायची नाही.

त्यांची रीत अशी. तुमच्यासमोर तीन वाट्या येणार. दोन वाट्यांत एकच वास, तिसरीत वेगळा. बोलायचं नाही, शेजारणीकडे बघायचं नाही, एका वाटीवरून दुसरीकडे जाताना मध्ये नाक परत कोरं व्हावं म्हणून स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. प्रश्न एकच, वेगळी कोणती? चांगली कोणती, हे त्या अगदी शेवटी विचारायच्या आणि उत्तराकडे लक्षही द्यायच्या नाहीत. काम संपलं असं सांगून झाल्यावर, उठता उठता कुणाचा हात कुठल्या वाटीकडे परत जातो, तेवढं बघत बसायच्या. मला वाटायचं, एवढं नाक असताना बाईला हे नसते उद्योग कशाला?

मग ती सकाळ आली. मी आंघोळ करून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजले. सगळीकडे गॅसचा भपकारा. आणि जाऊबाई शेगडीपुढे उभ्या, एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात लायटर. मी झेप घेऊन लायटर हिसकावला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.  मग मात्र माझं तोंड सुटलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? सगळं घर गेलं असतं की. वास येत नाही तुम्हाला?"

"नाही येत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सर्दी असेल. तसं म्हणालेही. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि स्टुलावर बसल्या. "सर्दी नाही गं. तू बाळंतपणाला माहेरी गेली होतीस, तेव्हा मला ताप आला होता बघ. त्या तापात गेला तो गेला. परत आलाच नाही."

ज्या बाळंतपणाचं त्या बोलत होत्या, ती माझी लेक आता सायकलवर टांग टाकून शाळेत जाते. मी तोंडात बोट घालून बघतच राहिले. एवढी वर्षं. आणि या वर्षांत त्या खोलीतून किती साबण, किती शाम्पू बाहेर पडले असतील. "भाऊजींना माहीत आहे?" मी विचारलं.

"त्यांना स्वतःच्या मोज्यांचा वास येत नाही, माझं काय कळणार?" एवढं बोलून त्या हसल्या, मग त्यांनी माझा हात धरला. "कुठे बोलू नकोस. मालकांना कळलं तर खोली जाईल, आणि खोली गेली तर मी तिथे कोण?"

मी शब्द दिला. माझ्या पोटात काही राहत नाही असं सासरी सगळे म्हणतात, पण हे राहिलं. मला त्यांची कीव आली असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. मला चक्क धाक वाटायला लागला होता. ज्या बाईला गॅसचा भपकारा कळत नाही, तिच्या शब्दावर कारखाना चालतो, आणि अजून एकही वास फसलेला नाही, हे डोक्यात मावतच नव्हतं.

त्याच सुमाराला कंपनीत सॉफ्टवेअरचं रामायण सुरू होतं. दुकानांच्या ऑर्डरी, गोदामातला माल, ट्रक, बिलं हे सगळं ज्याच्यावर चालतं ते सॉफ्टवेअर धाकट्या मालकांनी निवडलं होतं. धाकटे मालक म्हणजे मोठ्या मालकांचे सख्खे भाऊ. मनाने अगदी लोणी, पण समोरच्याने गोड बोललं की विरघळले. एका मोठ्या हॉटेलात पडद्यावर रंगीत चित्रं बघून ते भाळले आणि सही करून मोकळे झाले. पुढे आम्ही भोगलं. एका दुकानात शाम्पूचे खोके दोनदा जायचे, शेजारचं दुकान रिकामं. माल गोदामात डोळ्यांसमोर पडलेला, आणि पडदा म्हणतोय माल नाही. दुकानदार आमचा माल सोडून दुसऱ्यांचा ठेवायला लागले होते. फोनवर त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी मोठ्या मालकांनी ते गुंडाळायचं ठरवलं आणि नवीन सॉफ्टवेअरवाले बोलावले. मग एक दिवस वासखोलीत येऊन जाऊबाईंना म्हणाले, "बाई, डोळ्यांनी निवडलं आणि बुडालो. आता तुमच्या नाकाने निवडू. यावेळी तुम्ही सांगाल ते घ्यायचं." मी तिथेच वाट्या पुसत होते. माझ्या हातातली वाटी सुटली.

घरी आल्यावर मी त्यांच्या मागेच लागले. "सरळ नाही म्हणा. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, कशाला हा घोळ ओढवून घेता? हे बुडालं तर धाकटे मालक म्हणतील, बाईंचं नाक गेलं. आणि कुणी खरंच वाटी पुढे केली तर?"

त्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घालता घालता म्हणाल्या, "वासाचं मला कोडंच आहे गं. कधी वाटतं, मी निवडते ते बरोबर निवडते. कधी वाटतं, जुन्या नाकाच्या आठवणीवर आणि नशिबावर चाललंय सगळं, आणि इतकी वर्षं मी या लोकांना फसवतेय. कॉम्प्युटरची मला काही आठवण नाही, त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिथे मला निवडता आलं, तर ते माझं. नाही आलं, तर मी खोटी." घडी त्यांनी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "मला कळायलाच हवं."

 मी हात टेकले.

तीन कंपन्या आल्या होत्या. तिघांनाही आपापला खेळ पडद्यावर दाखवायचा होता. जाऊबाई म्हणाल्या, खेळ बघायचा नाही. सॉफ्टवेअर खोलीत लावून द्या, नाव झाका, दोन दिवस आमच्या माणसांना शिकवा आणि मग तुमची माणसं कँटीनमध्ये बसतील. त्यातला एक चकचकीत बुटांचा गृहस्थ म्हणाला, "आम्ही असं करत नाही." जाऊबाईंनी त्याला नमस्कार केला आणि फाटकापर्यंत सोडायला माणूस दिला. उरल्या दोन. एक मोठी, नावाजलेली. दुसरी लहानशी, चारदोन माणसांची. मोठीकडे धाकट्या मालकांचा ओढा होता, हे लपून नव्हतं.

खोल्या मात्र तीन लावल्या. अ, ब आणि क. आम्हाला वाटलं, तिसरी कंपनी कुठून तरी आली असेल, कारण शिकवायलाही तिन्ही खोल्यांत वेगवेगळी माणसं होती. अ खोली म्हणजे मालकांची बैठकीची खोली, गार हवा, मऊ खुर्च्या. ब खोली जिन्याजवळची, साधी. आणि क खोली साबण वाळवायच्या विभागाला लागून, पंखा कुरकुरतोय, भिंत तापलेली. मी कुरकुर केली तर जाऊबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काम सगळ्या खोल्यांत एकच. गेल्या वर्षी एक दिवस असा गेला होता की आठवायलाही नको. ट्रकवाल्यांनी अचानक काम थांबवलं, दुपारी शाम्पूचा भाव बदलला, पावडरचे भिजलेले खोके परत आले आणि त्यातच एका योजनेत साबणावर साबण फुकट होता. तोच दिवस जाऊबाईंनी जशाच्या तसा आमच्यापुढे ठेवला. कामाला आम्ही तिघं. ऑर्डरीला मी, मालाला गोदामप्रमुख आणि बिलांना हिशेबाच्या टेबलावरची बाई. रोज एक खोली. जाऊबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या. पडद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. डाव्या मनगटात रबरबँडांचा जुडगा, आणि मधूनच त्यातला एखादा काढून उजव्या मनगटात घालायच्या. धाकटे मालक दारातून डोकावून गेले आणि मला हळूच म्हणाले, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "मला विचारू नका, मी घरातली असले तरी मला कुणी काही सांगत नाही."

चौथ्या दिवशी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. मोठे मालक, धाकटे मालक, आम्ही तिघं. जाऊबाईंनी आधी आम्हालाच विचारलं. मी कसली थांबतेय? मी अ चं तोंडभरून कौतुक केलं. किती सुटसुटीत, किती पटकन कळतं, अक्षर कसं स्वच्छ. आणि क ला झोडपून काढलं. म्हटलं, ते घेतलंत तर मी राजीनामा देईन. गोदामप्रमुखांनी मान डोलावली. हिशेबाची बाईही म्हणाली, अ उत्तम, ब ठीक, क नको. धाकटे मालकही तिन्ही खोल्यांत थोडा थोडा वेळ बसून आले होते, त्यांचंही तेच. ते खूश झाले. "बघा, सगळ्यांचं एकमत आहे."

"वेगळं कोणतं?" जाऊबाईंनी विचारलं.

आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षानुवर्षं त्या खोलीत बसून तीन वाट्यांतून वेगळी शोधणारे आम्ही. तीन ठेवल्या की दोन सारख्या असणार, हे आम्हाला झोपेतसुद्धा ठाऊक. आणि पडदा पुढे आल्यावर आमच्यापैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही.

"अ आणि क एकच आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांच्या माणसाला सांगून रंग तेवढे बदलून घेतले होते. वेगळं आहे ते ब."

म्हणजे ज्याच्यासाठी मी राजीनामा देणार होते, तेच मी डोक्यावर घेऊन नाचत होते.  गोदामप्रमुख खाली बघून हसायला लागले, धाकटे मालकही हसले, बिचारे. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण आतून मी या बाईकडे पाहून अगदी गार पडले होते.

मग त्यांनी रबरबँडांचं सांगितलं. कामात माणूस अडला की पडदा सोडून दुसरीकडे हात नेतो. गोदामप्रमुखांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे जातो. हिशेबाची बाई स्वतःचं जुनं कॅल्क्युलेटर काढते. "आणि ही तळहातावर लिहिते," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. मला हे माहीतच नव्हतं, पण खरं होतं. अ च्या दिवशी घरी जाऊन मी शाई घासत बसले होते. ज्या ज्या वेळी हात पडद्याबाहेर गेला, त्या त्या वेळी एक रबरबँड इकडून तिकडे. अ मध्ये आणि क मध्ये सारखेच गेले. खुर्ची मऊ म्हणून कुणी पेन्सिल कमी उचलली नाही. आणि ब मध्ये डावं मनगट संध्याकाळपर्यंत जवळजवळ भरलेलंच होतं. "माणसं तोंडाने खोलीबद्दल बोलली," जाऊबाई म्हणाल्या. "हात कामाबद्दल बोलले. मी ब घ्या म्हणते. ब म्हणजे ती चारदोन माणसांची कंपनी."

धाकट्या मालकांना ते पटेना. कंपनी केवढीशी, उद्या टिकली नाही तर? आणि साबण निवडणं वेगळं, हे वेगळं. मोठ्या मालकांनी हात वर केला. "बास. बाईंच्या नाकाने आजवर आपल्याला कधी दगा दिला नाही. बाईंचं नाक ब म्हणतंय ना, मग ब. विषय संपला."

झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त उठायचं आणि घरी जायचं. मी जाऊबाईंना डोळ्यांनी खुणावलं, चला.

त्या उठल्या नाहीत. "नाक नाही, मालक," त्या म्हणाल्या. "मला वास येत नाही. बरीच वर्षं झाली."

मोठे मालक खुर्चीत पुढे सरकले.  "बरीच म्हणजे?"

"हिरव्या साबणाच्या आधीपासून."

हिरवा साबण म्हणजे आमच्या कंपनीची भाकरी. ज्या दुकानात आमचं दुसरं काही नसतं तिथेही तो असतो. मालकांनी विचारलं, "आणि ती नवी पावडर?" त्या म्हणाल्या, नंतरची. "मुलांचा शाम्पू?" तोही नंतरचा. मालक एकेक नाव घेत गेले आणि त्या मान डोलावत गेल्या.

"मला सांगायचं होतंत," मालक शेवटी म्हणाले. त्यांना लागलं होतं, ते आवाजात कळत होतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही खोली दुसऱ्याला दिली असती."

मालकांनी थोडा विचार केला. "दिली असती," ते म्हणाले. मग म्हणाले, "मग आज कशाला सांगितलंत? मी तर हो म्हणालो होतो."

"तुम्ही नाकाला हो म्हणालात. उद्या मी नसले की तुम्ही दुसरं नाक शोधत बसाल, आणि हे सगळं वाया जाईल. ही रीत आहे, मालक. कुणालाही शिकवता येते." एवढं बोलून त्यांनी मनगटातले रबरबँड काढून टेबलावर ठेवले.  "आणि मलाही बघायचं होतं, नाक काढून घेतल्यावर मागे काही उरतं का."

 धाकट्या मालकांनीच पाण्याचा ग्लास जाऊबाईंपुढे सरकवला. जाऊबाई म्हणाल्या, वासखोली आता मला सोडावी लागेल. माणसांना कळलं की मला वास येत नाही, की ती मला सांभाळून घ्यायला लागतील, वास समजावून सांगायला लागतील, आणि मग चाचणी बिघडली. मालक म्हणाले, "मग बसणार कुठे तुम्ही?"

"ते तुम्ही ठरवा."

"माझ्या शेजारच्या खोलीत बसा," मालक म्हणाले. "या कंपनीत यापुढे जे काही निवडायचं असेल, ते आधी तुमच्यापुढे येईल. आणि रीत शिकवा, या तिघांपासून सुरुवात करा. ब वाल्यांना उद्या बोलावून घ्या."

संध्याकाळी आम्ही बस सोडून चालत निघालो.  मला काय वाटत होतं ते मला नीट सांगताही येणार नाही. एवढ्या वर्षांत ज्या बाईशी मी पातेल्यांवरून, खुंटीवरच्या टॉवेलवरून भांडले, ती माझ्या शेजारून पिशवी सांभाळत चालली होती आणि मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. पडले असते तर म्हणाल्या असत्या, रस्त्यात तमाशा नको.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्या थांबल्या. "एक विचारू?"

"विचारा की."

"हिरव्याचा वास कसा आहे गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. रोज सकाळी त्या त्याच साबणाने आंघोळ करतात. "एवढी वर्षं का नाही विचारलंत मला?"

"विचारलं असतं, तर तू सांगितलेलं डोक्यात बसलं असतं. मग पुढच्या वाट्या मांडताना मी त्याच वासाच्या बाजूने मांडल्या असत्या. आता खोलीच नाही, तर ऐकायला काय हरकत आहे?"

 मी म्हटलं, "चुरगळलेल्या ओल्या पानाचा असतो ना, तसा. पण कडू नाही. मागून थोडं लिंबाचं साल येतं. आणि अंग पुसून झाल्यावर साल जातं आणि नुसतं थंड काहीतरी उरतं. आमची लेक शाळेतून येऊन गळ्यात पडते ना, तेव्हा दिवसभराच्या घामाखालीसुद्धा तो तिच्या मानेला असतो. तेव्हा मला कळतं, सकाळी हिने आंघोळ नीट केली होती."

त्या खाली बघून ऐकत होत्या. माणसं रस्त्याने आमच्या बाजूने जात होती. "मानेला राहतो?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत राहतो."

"परत सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग."

मी पिशवी खाली ठेवली आणि पानापासून परत सुरुवात केली.